धडधड, लघवी आणि करंट: मोठ्या आईच्या आजारपणात कळलेली हृदयाची केमिस्ट्री

छातीत धडधड सुरू झाली की थोड्या वेळाने लघवीला पळावं लागतं, एकदा नाही, परत परत, आणि लघवीही भरपूर, अगदी पाण्यासारखी स्वच्छ, असं तुमच्या घरात कोणी म्हणत असेल तर "घाबरली असेल" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, आणि दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. आमच्याकडे लोक धडधड सांगतात, लघवीचं कोणी सांगतच नाही, बाया तर नाहीच नाही. आणि डॉक्टरांसमोर दोन मिनिटं मिळतात त्यात ते राहून जातं.

आमच्या मोठ्या आईचं हेच चाललं होतं. गाव आर्वी तालुक्यात, घर जुनं, न्हाणी अन् संडास अंगणाच्या पार त्या टोकाला. रात्री धडधड सुरू झाली की ती आधी खाटेवर बसून राहायची, मग टॉर्च घेऊन अंगण ओलांडायची, येऊन पाठ टेकते न टेकते तोच परत उठायची. वहिनीच्या लक्षात आलं म्हणून तिने विचारलं तर म्हणे, "काही नाई वो, वयानं होते." शुगर तपासली, नॉर्मल. लघवी तपासली, इन्फेक्शन नाही. मग सगळ्यांनीच मान्य करून टाकलं की वयाने होतं. धडधडीसाठी गावातल्या डॉक्टरांनी गॅसची गोळी दिली होती, मोठी आई ती इमानेइतबारे घेत होती.

एकदा धडधड थांबेचना, दम लागायला लागला, तेव्हा भाऊ अन् मी तिला गाडी करून नागपूरला घेऊन गेलो. तिथे ईसीजी काढला, डॉक्टरांनी कागद पाहिला आणि पहिला प्रश्न काय विचारला तर, "मावशी, असं धडधडते तेव्हा लघवीले जास्त जा लागते का?" मोठ्या आईने पदर सारखा केला, भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हाव जी. पण ते कायले सांगू, लाज वाटते ना." डॉक्टर म्हणाले, "तेच तर सांगाचं होतं माय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. हृदय म्हणजे चार कप्प्यांचा पंप, वर दोन अलिंद, खाली दोन निलय, अशुद्ध रक्त इकडून, शुद्ध रक्त तिकडून, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. हृदय स्वतः रक्तात औषध सोडतं हे मी कधी शिकवलंच नव्हतं कारण धड्यात ते नाहीच. घरी आल्यावर वाचायला घेतलं आणि अक्षरशः थक्क झाले, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

गोष्ट अशी आहे. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हृदय पाहायला लागले तेव्हा शास्त्रज्ञांना दिसलं की हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या पेशींमध्ये बारीक बारीक गोल दाणे भरलेले आहेत. खालच्या कप्प्यात नाहीत, फक्त वरच्या. असे दाणे एरवी हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथींमध्ये दिसतात, मग हृदयात कशाला? बरीच वर्षं याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. अडोल्फो दे बोल्ड नावाचे मूळचे अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ कॅनडात किंग्स्टनला काम करायचे, ते या दाण्यांच्या मागेच लागले होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या हृदयाचे वरचे कप्पे वाटून त्याचा अर्क काढला आणि दुसऱ्या उंदराच्या शिरेत सोडला. काही मिनिटांत त्या उंदराची लघवी साधारण दहा पटीने वाढली, आणि लघवीतून जाणारं मीठ तीस पटीच्या वर गेलं, रक्तदाबही उतरला. खालच्या कप्प्यांचा अर्क दिला तर असं काही झालं नाही. हे १९८१ ला छापून आलं. नंतर त्या दाण्यांमधला पदार्थ वेगळा काढला, त्याचं नाव एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, थोडक्यात एएनपी. २८ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी आहे ती.

म्हणजे हृदय ग्रंथीसुद्धा आहे. वरच्या कप्प्याची भिंत ताणली गेली की ते दाणे फुटतात, एएनपी रक्तात जातं, किडनीला सांगतं की मीठ आणि पाणी बाहेर काढ, रक्तवाहिन्या सैल कर, माझ्यावरचा भार कमी कर. आणि दोन-तीन मिनिटांत ते रक्तातून अर्धं होऊन जातं, म्हणजे हृदयाला सारखं सोडत राहावं लागतं, ताण गेला की काम थांबतं. एवढं नेमकं आहे हे की वाचताना मला आपल्या शरीराबद्दल फार आदर वाटला, खरंच.

आता धडधडीत काय होतं ते पाहा. मोठ्या आईला होतं एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टर लोक त्याला एएफ म्हणतात. वरच्या कप्प्यांत एक सरळ इशारा यायच्या ऐवजी मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे असे वेडेवाकडे इशारे फिरत राहतात, त्यामुळे वरचे कप्पे आकुंचन पावतच नाहीत, नुसते थरथरतात. त्यातले काही इशारे खाली उतरतात, कसेही, कधीही, म्हणून नाडी लागते ती एकदम जोरात आणि अनियमित. रक्त वरच्या कप्प्यात तुंबतं, दाब वाढतो, भिंत ताणली जाते, दाणे फुटतात, एएनपी सुटतं. त्याच वेळी त्या ताणाची बातमी मज्जातंतूंमधून मेंदूकडे जाते आणि पाणी धरून ठेवणारं हार्मोन मेंदू कमी करतो. दोन्ही बाजूंनी मिळून किडनीची तोटी उघडी.

डॉक्टरांना हे दे बोल्ड यांच्या आधीपासून माहीत होतं, कारण माहीत नव्हतं फक्त. लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल वुड यांचा १९६३ चा एक लेख आहे, झटक्याने येणाऱ्या जलद धडधडीत पेशंटला भरपूर लघवी होते यावरच. म्हणजे त्यांनी पेशंटला विचारलं होतं! आपल्याकडच्या त्या नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं तसंच. सगळ्यांना हे होतंच असं नाही बरं का, काहींना होतं, काहींना नाही. आणि रात्री लघवीला उठायची कारणं शंभर असतात, शुगर, प्रोस्टेट, लघवी वाढवणारी पाण्याची गोळी, इन्फेक्शन, ती आधी तपासलीच पाहिजेत. पण धडधड आणि लघवी जोडीने येत असतील तर मग ईसीजी काढायची वेळ कोणती हेही कळतं, धडधड चालू असतानाच. थांबल्यावर काढला तर कागद नॉर्मल येतो आणि माणूस गॅसच्या गोळीवर परत घरी. आमच्याकडे हेच झालं होतं.

रिपोर्टमध्ये अजून एक आकडा होता, एनटी-प्रोबीएनपी, बराच वाढलेला. भाऊ घाबरला, त्याने मोबाइलवर पाहिलं तर "हार्ट फेल्युअर" असं आलं. हा आकडा म्हणजे बीएनपी बनताना सोबत सुटणारा तुकडा, आणि बीएनपी हे एएनपीचं भावंड, १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना ते आधी डुकराच्या मेंदूत सापडलं म्हणून नावात ब्रेन आलं, पण माणसात ते मुख्यतः हृदयातूनच येतं, हृदयावर ताण आला की. हार्ट फेल्युअरमध्ये वाढतं हे खरंच आहे, पण एएफ चालू असलं की नुसत्या एएफनेही वाढतं, वयानेही वाढतं, किडनी मंद असेल तरी वाढतं. डॉक्टरांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, पंपिंग ठीक होतं, झडपाही ठीक होत्या. म्हणून एकटा आकडा पाहून रडारड करू नका, इको आणि ईसीजी सोबत ठेवून डॉक्टरच सांगतील.

झडपांचं सांगते थोडं, कारण आपल्या भागात ते महत्त्वाचं आहे. लहानपणी घसा दुखून मग सांधे सुजणं, ज्याला लोक सांधेवाताचा ताप म्हणतात, त्यात हृदयाची झडप खराब होऊ शकते आणि पुढे चाळिशी-पन्नाशीत, कधी बाळंतपणातही, एएफ उभं राहतं. अशा पेशंटला रक्त पातळ करायची जुनी गोळी, वॉरफरिनच्या जातीची, आणि सोबत आयएनआरची तपासणी (रक्त किती पातळ झालं ते पाहायची), हेच नवीन गोळीपेक्षा सरस ठरतं असं २०२२ ला आलेल्या एका मोठ्या अभ्यासानेही दाखवलं. मोठ्या आईची झडप ठीक होती म्हणून तिला नवीन गोळी चालली.

गोळ्यांनी हृदयाचा ठेका जागेवर आला नाही तेव्हा डॉक्टर म्हणाले, शॉक देऊ. झालं. मोठी आई उठून बसली.

"म्हंजे करंट देता का मले?"

"हाव, पण झोपेचं इंजेक्शन देऊन, कळणार नाही तुम्हाले."

"अवो बापा, करंट लागून मागल्या साली आपल्या गावचा तो पोट्टा मेला ना मोटरीपाशी, अन् तुम्ही मले इथं आणून करंट देऊन राहिले?"

तिचं काय चुकलं? आमच्या गावात करंट म्हणजे मरण. हरभऱ्याचं ओलित रातच्या लाईनवर, अंधारात ओल्या पायाने स्टार्टरला हात लावायचा, डीपीवर फ्यूज उडाला तर स्वतःच चढायचं, रानडुकरांसाठी कोणी धुऱ्यावर तार सोडून ठेवतो आणि त्याच्यात माणूस सापडतो. त्या पोट्ट्याच्या बायकोला मोठी आई रोज भेटते. तिला "काही नाही होत" एवढ्यावर कोण पटवणार. भावाचाही चेहरा उतरला होता. मग मी तिच्याजवळ बसून जे मला समजलं होतं ते तिच्या भाषेत सांगितलं, आणि ते इथेही सांगते.

जो करंट मारतो तोच करंट वाचवतोही हे १८९९ सालीच दिसलं होतं. जिनिव्हात प्रेव्हो आणि बाटेली या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, त्यात हलक्या करंटने हृदय थरथरायला लागायचं आणि जोरदार करंट दिला की ती थरथर थांबायची. माणसात हे वापरायला १९४७ उजाडलं. अमेरिकेत क्लीव्हलंडला क्लॉड बेक नावाचे सर्जन एका १४ वर्षांच्या मुलाचं ऑपरेशन करत होते, त्याचं हृदय थरथरायला लागलं, त्यांनी उघड्या छातीत थेट हृदयावर शॉक दिला आणि मुलगा वाचला. १९५६ ला बोस्टनच्या पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून शॉक देऊन दाखवला. हे सगळे शॉक होते घरातल्या लाईनसारख्या एसी करंटचे. मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्नार्ड लाउन यांनी डीसी, म्हणजे एकाच दिशेने जाणारा करंट, वापरात आणला, अगदी सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या वेळाचा एकच ठोका, आणि तोही ईसीजीवरच्या उंच टोकाशी जुळवून सोडायचा. (हेच लाउन पुढे अणुयुद्धाविरुद्ध डॉक्टरांची संघटना काढणाऱ्यांमध्ये होते, आणि त्या संघटनेला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं.)

जुळवून का, तर प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी परत तयार होत असतात तो एक नाजूक क्षण असतो. बरोबर त्या क्षणी झटका बसला तर खालचे कप्पे थरथरायला लागतात आणि माणूस जातो. मोटरीचा करंट सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो, तार हाताला चिकटून राहते, तेवढ्या वेळात तो नाजूक क्षण लागणारच. दवाखान्यातलं मशीन तो क्षण चुकवतं. ते आधी ठोके ओळखतं, स्क्रीनवर प्रत्येक ठोक्यावर खूण येते, मग बटन दाबल्यावरही ते पुढच्या ठोक्याची वाट पाहतं आणि मगच सोडतं.

आणि शॉकने हृदय "चालू" होत नाही, क्षणभर थांबतं. वर्गात सगळी पोरं एकाच वेळी ओरडत असतात तेव्हा मी टेबलावर एकदा जोरात डस्टर आपटते, सगळे एकदम गप्प होतात, आणि त्या शांततेत मॉनिटर हजेरी सुरू करतो, तसंच. सगळ्या पेशी एकाच वेळी उत्तेजित होतात, एकाच वेळी विसावतात, आणि मग हृदयाचा जो स्वतःचा नैसर्गिक पेसमेकर आहे उजव्या वरच्या कप्प्यात, तो परत ताबा घेतो. मोठ्या आईला हे पटलं. "म्हंजे गप्प कराचं आहे त्याले," म्हणाली. तरीही तिने सही करायच्या आधी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं की झोपेचं इंजेक्शन आधी देणार.

लगेच शॉक नाही दिला. धडधड कधी सुरू झाली हे नक्की सांगता येत नसेल किंवा ४८ तासांच्या वर झाले असतील, तर आधी ३ आठवडे रक्त पातळ करायची गोळी, किंवा मग घशातून नळी घालून इको करून आत गुठळी नाही हे पाहायचं. आम्ही ३ आठवडे थांबलो. गोळी चुकू नये म्हणून वहिनीने कॅलेंडरवर रोज खूण केली.

शॉकच्या दिवशी आम्ही बाहेर होतो. आत गेली आणि थोड्याच वेळात बोलावलं. मोठी आई अर्धवट झोपेत, छातीवर आणि पाठीवर पॅड लावले होते तिथे कातडी लाल झालेली, उन्हाने भाजल्यासारखी. सिस्टरनी ईसीजीच्या दोन पट्ट्या माझ्या हातात दिल्या, आधीची आणि नंतरची. आधीच्या पट्टीत दोन उंच टोकांमधलं अंतर कुठे दीड चौकट कुठे तीन चौकटी, आणि मधली रेघ नुसती थरथरणारी. नंतरच्या पट्टीत टोकं सारख्या अंतरावर, आणि प्रत्येक टोकाच्या आधी एक छोटीशी गोल उंचवट्याची पी लहर. ती पी लहर म्हणजे वरच्या कप्प्यात विजेचा सरळ इशारा परत आला. मी ती पट्टी बोटाने मोजत बसले होते, भाऊ म्हणाला, "आता वही आण, मार्क देऊन टाक."

आता या शॉकने हृदयातून काय काय सुटतं, हा माझा खरा प्रश्न होता. हृदयाच्या पेशी फुटल्या तर ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात येतं, हार्ट अटॅकमध्ये डॉक्टर तेच तपासतात. अशा जुळवून दिलेल्या शॉकनंतर ट्रोपोनिन सहसा फारसं वाढत नाही. सीपीके नावाचं दुसरं प्रथिन मात्र वाढतं, कधी चांगलंच वाढतं, कारण ते छातीच्या स्नायूंमधूनही येतं आणि शॉकने तो स्नायू आकसतो. म्हणजे शॉकच्या दुसऱ्या दिवशी कोणी नुसतं सीपीके काढून "अटॅक आला" म्हणाला तर आधी ट्रोपोनिन विचारा. आणि एएनपी? ठेका जागेवर आला की वरच्या कप्प्यातला दाब उतरतो आणि एएनपीही लवकरच उतरतं. मोठ्या आईला हे रक्त तपासून कळायची गरजच नव्हती. त्या रात्री वॉर्डात ती उठलीच नाही लघवीला. सकाळी मलाच म्हणते, "मी मेली का काय असं वाटलं मले, सकाळपर्यंत जागच नाई आली."

पण इथेच आपले लोक घात करून घेतात, म्हणून नीट वाचा. ईसीजी नॉर्मल आला, धडधड गेली, तरी वरचा कप्पा लगेच पूर्ण ताकदीने आकुंचन पावत नाही. विजेचा ठेका आला पण स्नायू अजून सुन्न असतो, काही दिवस, कधी काही आठवडे. त्या काळात तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. म्हणून शॉकनंतर निदान ४ आठवडे गोळी चालूच ठेवायची, आणि वय, बीपी, शुगर पाहून पुष्कळांना पुढेही चालूच ठेवायला सांगतात. "आता बरं वाटते" म्हणून बंद करायची नाही. गोळी महाग पडते हे मला माहीत आहे, कापूस विकल्याशिवाय हातात पैसा नसतो हेही माहीत आहे. पण डॉक्टरांना तसं सरळ सांगा, स्वस्तातली वॉरफरिनची गोळी आणि आयएनआरची तपासणी हा रस्ता असतो, न विचारता बंद करण्यापेक्षा तो शंभर पटीने बरा.

उन्हाळ्याचं पण एक आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घाम, उलट्या-जुलाब, त्यात बीपीची पाण्याची गोळी चालू. शरीरातलं पोटॅशियम कमी झालं की ठेका बिघडायला निमित्तच मिळतं. हृदयाच्या पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला साधारण १४० मिलिमोल आणि बाहेर रक्तात ३.५ ते ५ एवढंच, या फरकावरच प्रत्येक ठोका उभा आहे. म्हणून उन्हाळ्यात एकदा सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या, विशेषतः म्हाताऱ्या माणसांचं.

एक दुसऱ्या प्रकारची धडधड पण असते, तरुण पोरापोरींना होते, एकदम बटन दाबल्यासारखी सुरू आणि एकदम बंद, नाडी १८०-२०० पण नियमित. तिला एसव्हीटी म्हणतात. आमच्या शाळेतल्या एका मॅडमना झाली होती आणि ग्रामीण रुग्णालयात त्यांना अडेनोसिनचं इंजेक्शन दिलं, ६ मिलिग्रॅम, शिरेत झटक्यात. काही सेकंद त्यांना वाटलं आपण चाललो, छाती आवळली, आणि धडधड थांबली. हे अडेनोसिनही हृदयाचंच आहे! ऑक्सिजन कमी पडला की हृदयाच्या पेशी आपली साठवलेली ऊर्जा, एटीपी, मोडतात आणि त्यातून अडेनोसिन बाहेर पडतं, ते रक्तवाहिन्या रुंद करतं आणि वरून खाली जाणारा इशारा मंदावतं. केंब्रिजमध्ये १९२९ ला ड्ररी आणि सेंट-ज्यॉर्जी यांनी त्याचा हृदयावरचा परिणाम दाखवला होता. रक्तात ते दहा सेकंदही टिकत नाही, म्हणून ती भीती तेवढीच. दम्याची थिओफायलिनची गोळी चालू असेल तर ते नीट काम करत नाही, ते आधी सांगायचं.

आता वावरातल्या करंटबद्दल, कारण हे लिहायला बसले तेव्हा तो पोट्टा सारखा डोळ्यासमोर होता.

करंटने खालचे कप्पे थरथरायला लागले की रक्त पुढे जाणं बंद. हृदयाला स्वतःलाही रक्त मिळत नाही. एटीपी संपत जातं, लॅक्टिक आम्ल साचतं, पेशींच्या आतलं पोटॅशियम काही मिनिटांतच बाहेर गळायला लागतं, आणि ते बाहेर साचलं की शॉक देऊनही ठेका धरणं कठीण होत जातं. काहीच केलं नाही तर प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. आपल्या गावात १०८ ची गाडी येईपर्यंत तो पूर्ण वेळ निघून जातो. म्हणून छाती दाबणं हे गावातल्या माणसालाच करावं लागेल, दुसरं कोणी येणार नाही. आधी मेन स्विच बंद, नाही तर स्वतःही चिकटाल. डीपीवरची मोठी लाईन असेल तर बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जायचंच नाही, काठीनेही नाही. मग हाक मारा, श्वास नाही की सरळ छातीच्या मधोमध दोन्ही हात, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, थकलात की दुसऱ्याला द्या. दाबण्याने थोडं तरी रक्त हृदयाला मिळत राहतं आणि तो बिघाड लांबतो. अंगाला माती लावणं, मातीत पुरणं, हे करू नका, मी पाया पडून सांगते, त्यातच सगळा वेळ जातो. वीज अंगावर पडलेल्या माणसाचंही तेच. त्याच्यात पुष्कळदा हृदय आपोआप परत चालू होतं पण श्वास बंदच असतो, म्हणून "गेला" म्हणून बाजूला ठेवू नका, त्याला तोंडाने श्वास द्या, छाती दाबा.

आणि जो वाचला, चालत घरी आला, त्याला पण दवाखान्यात न्या. शेजारच्या वावरातल्या सालदाराला थ्री फेजचा झटका बसला, हाताला एवढासा भाजल्याचा डाग, बाकी ठणठणीत, तो घरी येऊन जेवलासुद्धा. त्याच्या बायकोने सांगितलं की लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, आणि ते ऐकून भावाने त्याला गाडीवर बसवूनच नेलं. करंट अंगातून जातो तेव्हा आतला स्नायू भाजतो, वरून दिसत नाही. त्या स्नायूतून मायोग्लोबिन सुटतं, ते किडनीत अडकतं आणि लघवी काळपट होते. त्याच स्नायूतून पोटॅशियमही रक्तात येतं आणि ते वाढलं की चांगल्या हृदयाचा ठेका बिघडतो, तासाभराने, चार तासांनी, कधीही. त्याला सलाईन लावून ठेवलं, ईसीजीच्या मशीनवर ठेवलं, पोटॅशियम परत परत तपासलं, लघवी स्वच्छ होईपर्यंत सोडलं नाही.

तर दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या वाक्यातच सांगा की करंट लागला आहे. सिंगल फेज होता की थ्री फेज, किती वेळ चिकटून होता, कुठून शिरला आणि पाय ओले होते का, मध्ये बेशुद्ध झाला होता का, आणि त्यानंतर लघवी झाली का, झाली असेल तर कोणत्या रंगाची.